कॉम्प्रेसर गेला

सोमवार, ३. सकाळी ७.४०

ही आज तिच्या आईकडे गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत मोठी मेहुणी. दोघी बहिणी दहा दिवस तिकडे. म्हणजे केकचं दुकान दहा दिवस माझ्या हातात.

हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण जाताना हिने नेमकं उलट सांगितलं. दुकान काउंटरच्या बाई बघतील, भट्टी दोघी कारागीर बघतील, आणि थंड खोलीचं काही झालं तर भावजींना फोन करायचा. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तुम्ही जेवणाची वेळ चुकवू नका.

भावजी म्हणजे मेहुणीचा नवरा, माझा साडू. धंदा फ्रीज दुरुस्तीचा. दुकानामागची थंड खोली त्यानेच बसवली आहे, आणि तेव्हापासून दुकानात असा वावरतो की जणू थंडीचा शोध यानेच लावला. माझा त्याच्याशी अबोला आहे. अकरा महिने झाले. आमच्या घरी बारा पाहुण्यांसमोर त्याने आमचा फ्रीज चार मिनिटांत चालू केला आणि मला म्हणाला, तुम्ही टॉर्च छान धरता हो. सगळे हसले. ही पण.

चौदा तारखेला मोठ्या हॉटेलचे साहेब तपासणीला येणार आहेत. थंड खोलीत चार डिग्री दिसली तर वर्षभर त्यांच्याकडे आमचे केक. ही तीन वर्षं या ऑर्डरच्या मागे आहे.

संकल्प: रोज नऊला दुकानात. साडूला फोन नाही, म्हणजे नाही. आणि ही परत येईल तेव्हा तिला दिसलं पाहिजे की टेक्निकल माणूस घरातच होता.

मंगळवार, ४

दहा-चाळीसला पोचलो. नऊची मनाची तयारी होती.

काउंटरमागची खुर्ची गायब. बाईंना विचारलं. म्हणाल्या, आत पिठाच्या पोत्याला टेकू दिलाय. उभं राहून देखरेख केली. पुढचा काचेचा फ्रीज अजून बंदच. साडू गेल्या महिन्यात त्याचं पोट उघडून मशीन घेऊन गेला, तो गेलाच. आता त्यात केकचे रिकामे खोके. अशा माणसाला ही भावजी, भावजी करते.

कारागीर बाईंना क्रीम कसं फेटावं ते सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं. नंतर आतून हसण्याचा आवाज आला, पण तो दुसऱ्या कशावरून असावा.

बुधवार, ५. दुपारी ४.१५

थंड खोली नऊ डिग्री! काट्यावर टिचकी मारून बघितली. अकरा झाली. टिचकी मारायला नको होती.

मी शांत राहिलो. आधी जेवण, मग थोडी झोप, मग विचार, असा क्रम ठरवून घरी आलो. तेवढ्यात बाईंनी माझ्या पाठीमागे साडूला फोन केला. तो कुठे बाहेरगावी कामाला निघाला होता, वाटेत दहा मिनिटं थांबला, मागच्या बोळातल्या पिंजऱ्याचं कुलूप काढून मशीन बघितलं, पॅनलवर चिठ्ठी चिकटवली आणि पुढे गेला. मी झोपेत असताना! याला समोरासमोर यायची हिंमत नाही.

चिठ्ठी जशीच्या तशी: "१. मागची जाळी चोंदली आहे. ब्रशने साफ करून पाणी मारणे. २. कॉम्प्रेसर गेला. सोमवारी येतो."

पहिलं कलम वाचून हसू आलं. जाळी धुवा! हे सांगायला फ्रीजवाला कशाला पाहिजे? दुसरं कलम मात्र वाचलं आणि खाली बसलो. गेला. दोन अक्षरं. माणसाबद्दल सांगतात तसंच. आणि हा सोमवारी येणार! म्हणजे पाच दिवस खोली तापू द्यायची, मग ऐन वेळी येऊन हिच्यासमोर वाचवल्याचा आव आणायचा. डाव माझ्या लक्षात आला.

चिठ्ठी खिशात घातली, पिंजऱ्याची किल्लीही घेतली. बाईंनी विचारलं, भावजींनी काय लिहिलंय? मी म्हणालो, टेक्निकल आहे.

कॉम्प्रेसर मी बदलणार. चार व्हिडिओ बघितले. बाई आसपास होत्या म्हणून आवाज बंद ठेवून बघितले, पण चित्रावरून सगळं कळतं. जुना काढायचा, नवा बसवायचा, पाइप जोडायचे, गॅस भरायचा. यात एवढं काय आहे!

गुरुवार, ६

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार उद्धट. किती हॉर्सपॉवर? कुठला गॅस? सिंगल फेज की थ्री फेज? मी म्हणालो, काळा. म्हणाला, सगळे काळेच असतात. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यात माझा अंगठा फार चांगला आलाय. शेवटी त्याने अंदाजाने एक दिला आणि अंदाजाने दिलाय असं बिलावर लिहून माझी सही घेतली.

दोन सूचना केल्या. कॉम्प्रेसर उभाच न्यायचा, आडवा केला तर आतलं तेल पाइपात शिरतं. आणि तोंडावरची रबरी बुचं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, नाहीतर हवेतला ओलावा तेलात मुरतो. मी दोन्ही वहीत टिपून घेतल्या.

गाडीच्या मागच्या सीटवर तो उभा राहीना. आडवा ठेवून बेल्ट लावला. घरी आल्यावर आत काय असतं बघावं म्हणून बुचं काढली. काही दिसत नाही. तेलाचा वास येतो. पुन्हा लावताना एक बूच कपाटाखाली गेलं. असो. गॅलरीत ठेवलाय, जरा हवा लागू दे.

दुपारी हिचा फोन. ऑपरेशन छान झालं. मग विचारलं, खोली किती? मी म्हणालो, चार. तेव्हा घड्याळात चारच वाजले होते. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवार, ७

ऐतिहासिक दिवस. जुना कॉम्प्रेसर काढला.

आधी मेन स्विच बंद केला. सुरक्षितता पहिली. मेन स्विच भट्टीचाही आहे हे हिने कधी सांगितलं नव्हतं. चाळीस स्पंज अर्धे कच्चे बसले. दोघी कारागीर पीठभरल्या हातांनी बोळात आल्या आणि मला काय काय बोलल्या. मोठीने तर अरे-तुरे केलं. मी हातातलं काम सोडलं नाही.

पाइप कापला. भयंकर शूऽऽ असा आवाज, आणि बर्फासारखा फवारा. परिस्थितीचा लांबून आढावा घेण्यासाठी मी बोळाच्या टोकापर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर आठवलं की व्हिडिओतला माणूस गॅस आधी सिलेंडरमध्ये भरून घेतो. तोपर्यंत गॅस संपला होता, त्यामुळे त्या विषयात शिरण्यात अर्थ नव्हता.

चारपैकी तीन बोल्ट निघाले. चौथा करवतीने. मशीन हाताला अजून कोमट लागत होतं, जरा वाईट वाटलं. बाई मोबाइल घेऊन आल्या, भावजी लाइनवर आहेत, बोला. मी हातानेच नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, ते म्हणतायत कशालाही हात लावू नका. ते ऐकून अंगात आणखी जोर आला. बाईंना स्पष्ट सांगितलं की दुकान कोणाचं आहे ते ध्यानात ठेवा. बाई म्हणाल्या, ध्यानात आहे, म्हणूनच फोन केला. याचा अर्थ अजून लागलेला नाही.

जुना लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याने घासाघीस न करता घेतला. भला माणूस.

खोली सतरा. बाईंनी मावेल तेवढं लोणी आणि क्रीम समोरच्या ज्यूसवाल्याकडे आणि स्वतःच्या घरी हलवलं. मला न विचारता! याला घबराट पसरवणं म्हणतात.

शनिवार, ८

पाइप जोडायला माणूस मिळेना. शेवटी गेट आणि ग्रिल करणारा वेल्डर आणला. साठीचा आहे, अनुभवी. म्हणाला, तांब्याचं काम मी कधी केलेलं नाही, गेटला बारीक फट राहिली तर चालते, पाइपाला चालत नाही, आधीच सांगतो. प्रामाणिक माणूस. असा साडू असता तर.

पाच जोड केले. दिसायला दणकट, प्रत्येक जोड लिंबाएवढा. मग विकत आणलेल्या सिलेंडरमधला गॅस सोडून साबणाचं पाणी लावलं. व्हिडिओत बघितलं होतं, फेस येतो. आमच्या पाचही जोडांवर भरपूर फेस आला. एकही जोड कोरडा नाही. वेल्डरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याची पाठ थोपटली.

खोक्यात तांब्याची एक छोटी नळकांडी उरली, फिल्टर असं लिहिलेली. चुकून जास्तीची दिलेली दिसते. परत करणे.

दुपारी अडीचला स्विच ऑन. घूंऽऽ, आणि मग ठप्प. पुन्हा ऑन. घूंऽऽ, ठप्प. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा ठप्प झालं नाही, पण जळका वास आला. नवीन वस्तूला वास येतोच. विश्रांती दिली आहे.

बाई आता माझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या शिंप्याशी बोलतात, पण मला ऐकू येईल असं.

हिचा फोन आला, उचलला नाही. हात तेलकट होते. रात्री जेवताना आला तेव्हाही.

रविवार, ९

दुकान बंद. बाहेर पाटी कोणी लावली माहीत नाही.

खोली सव्वीस. बाहेर चोवीस. म्हणजे आतली गरमी बाहेर जात नाही, इन्सुलेशन एक नंबर आहे. पण मग साडूने बसवलेल्या खोलीत दोष काय? दोष असा की ती पूर्णपणे एका मशीनवर अवलंबून आहे. मुळात डिझाइनच चूक. हे हिला नीट समजावून सांगायचं. मुद्दे काढले, सात झाले.

गॅसचं सिलेंडर हलकं लागतंय. काल रात्रीपर्यंत जड होतं.

दुपारभर खोलीत उलट्या क्रेटवर बसून होतो. दार उघडं. आंबट दुधाचा वास. सव्वीस वर्षं कंपनीच्या खरेदी विभागात होतो, माझ्या सहीशिवाय साधा खिळा आत येत नव्हता. लोक टेबलासमोर उभे राहून विचारायचे, साहेब, याचं काय करायचं? आता काउंटरच्या बाई खुर्ची काढून ठेवतात. मला राग येतो असं मी म्हणतो, पण राग नाही तो. भीती आहे. हिला माझी काही गरजच नाही असं एखाद्या दिवशी सगळ्यांसमोर ठरेल, याची भीती. मला फक्त एवढंच हवं होतं की हिने एकदा म्हणावं, बरं झालं तुम्ही होतात.

हे पान फाडून टाकणे.

सोमवार, १०. सकाळी ११

साडू आला. सोबत ही!

तीन दिवस आधीच. बाई रोज दोघांनाही फोन करून सगळं सांगत होत्या. विश्वासघात हाच शब्द. मी ते तिघांसमोर बोलून दाखवलं.

ही ओरडली असती तर बरं झालं असतं. खोली बघितली, कचऱ्यात गेलेल्या क्रीमच्या पिशव्या बघितल्या, आणि एवढंच विचारलं, चिठ्ठी वाचली होती का? मी म्हणालो, शब्दन् शब्द. मग पहिलं काम केलं होतं का? मी म्हणालो, ते काही टेक्निकल नव्हतं.

साडूने जाळीमागे हात घातला आणि एक थर ओढून काढला. गोधडीच्या तुकड्याएवढा. आमच्या पिठाची धूळ आणि शिंप्याकडची दोऱ्या-कापसाची लव. मशीनला वाराच मिळत नव्हता, म्हणून खोली तापत होती. ब्रश आणि बादलीभर पाणी, वीस मिनिटांचं काम. असं त्याचं म्हणणं.

मी दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. तुम्हीच लिहिलंय, कॉम्प्रेसर गेला! अकरा महिन्यांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो म्हणाला, हो, गेला. पुढच्या काचेच्या फ्रीजचा. वॉरंटीत होता, कंपनीकडे दुरुस्तीला गेला. हिने फोनवर विचारलं होतं गेला का म्हणून, तिला निरोप होता.

मी म्हणालो, गेला म्हणजे मेला. मराठीत असंच म्हणतात. तो म्हणाला, आमच्यात कॉम्प्रेसर मेला तर जळाला म्हणतात, नाहीतर जाम झाला म्हणतात. गेला म्हणजे गेला, टेम्पोत बसून गेला. मी म्हणालो, मग 'कंपनीत' हा शब्द लिहायला काय झालं होतं? चूक सरळ सरळ भाषेची आहे, माझी नाही. चुकीच्या मराठीने एक चांगलं मशीन घालवलं. हे मी चढ्या आवाजात बोललो, कारण मुद्दा बिनतोड होता.

ही म्हणाली, मुद्दा ठेवा बाजूला. चालू मशीन कुठे आहे?

मी म्हणालो, गेलं.

मंगळवार, ११

साडू भंगारवाल्याकडून जुना कॉम्प्रेसर परत घेऊन आला. भंगारवाल्याने वायरी जोडून चालू करून दाखवला म्हणे. आवाज एकदम सुरेख. भला माणूस वगैरे काही नाही तो. दिला तेव्हाच्या चौपट मागितले.

माझा नवा कॉम्प्रेसर सिंगल फेजचा निघाला, निम्म्या ताकदीचा. दुकानातली लाइन थ्री फेज. शिवाय जळाला. म्हणजे माझ्या मराठीतही आता खरोखर गेला. हे साडूने हसत हसत सांगितलं. मला त्या क्षणी पाना फेकून मारावासा वाटला. पाना त्याचाच होता.

ही माझ्याशी बोलत नाही. निरोप बाईंकडून येतात. बाई ते शिंप्याला सांगतात, शिंपी मला सांगतो. जेवण झाकून ठेवलेलं असतं.

बुधवार, १२

साडू सकाळपासून बोळात. गेटवाल्याचे पाचही जोड कापून काढले. जुन्याचं तेल बदललं. नवीन जोड असे की बोटाला कळतसुद्धा नाहीत. माझी ती जास्तीची नळकांडी मधोमध बसवली. साबणाचं पाणी लावलं तर एकाही जोडावर फेस नाही. मी म्हणालो, बघा, तुमच्याकडे फेस येत नाही. त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, येऊ नये म्हणूनच लावतात हो.

दुपारभर एक पंप लावून पाइपातली हवा आणि ओलावा ओढत बसला. मी मदतीला उभा होतो. कोणी धरायला काही दिलं नाही.

गुरुवार, १३

खोली चार. खरीखुरी.

साडू हात धुताना म्हणाला, सोपं असतं हो. याचा मी मनापासून द्वेष करतो.

उद्या हॉटेलचे साहेब. आता माझं काम सुरू. मशीन कोणीही बसवेल, पण साहेबलोकांशी बोलणं सगळ्यांना जमत नाही. खरेदी विभागातला माणूस खरेदी विभागातल्या माणसाशी कसं बोलतो ते उद्या हिला दिसेल. टाय इस्त्री केला. चार मुद्दे पाठ केले. खोलीच्या दाराशी उभं राहायचं, हात मागे बांधून.

हिला शिंप्यामार्फत निरोप पाठवला, काळजी करू नको, मी आहे. उत्तर आलं नाही. म्हणजे हरकत नसावी.

शुक्रवार, १४. दुपारी १

साहेब अकराला आले. अंगावर पांढरा कोट, हातात फॉर्म. मी दाराशी तयार. पहिला मुद्दा बोलायला सुरुवात केली तोच त्यांनी हात वर केला. थंड खोलीजवळ फक्त दुकानाची माणसं हवीत, स्वच्छतेचा नियम आहे. यादी बघू.

हिने यादी दिली. त्यांनी मोठ्याने वाचली. ही. बाई. दोघी कारागीर. मशीनच्या देखभालीला साडू. यादी संपली. कागद उलटून बघितला, मागे कोरा.

मग त्यांनी पेन माझ्याकडे करून विचारलं, हे कोण?

साडूने मान खाली घातली. त्यानेसुद्धा. बाई काउंटरकडे वळल्या. हिने माझ्याकडे बघितलं. दहा तारखेनंतर पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल. काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. टॉर्च धरतात म्हणाली असती तरी.

म्हणाली, गिऱ्हाईक आहेत.

साहेब अदबीने म्हणाले, मग आपण कृपया काउंटरच्या पलीकडे. मी गेलो. काउंटरच्या पलीकडून आतलं सगळं दिसत नाही. साहेबांनी थर्मामीटर बघितला, मान हलवली, फॉर्मवर सही केली. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होती की हसत होती, ते तिथून कळलं नाही. साडू आणि दोघी कारागीर टाळ्या वाजवत होते.

नुसतं उभं राहणं बरं दिसेना. मागे दोन माणसं आली होती, रांग लागली होती. बाईंनी विचारलं, काय देऊ? शनिवारनंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी एक पेस्ट्री सांगितली. इथे खाणार की पार्सल? पार्सल म्हणालो.

बाईंनी खोका नीट बांधून दिला, पैसे घेतले, आणि सगळ्यांना म्हणतात तसं मलाही म्हणाल्या, पुन्हा या.